तिचा घोटा, तिचा कर

आमच्या तिघींच्या ग्रुपवर दोनच विषय चालायचे, गोळ्या आणि कर. गोळ्यांमध्ये मी होते. करात मी नव्हते. माझं जळणं तिथूनच सुरू झालं.

तिघी म्हणजे कोण ते आधी सांगते. नांदेडला कॉलेजात असताना आम्ही मुलींच्या वसतिगृहात एका खोलीत राहायचो. मी मुरुडची. दुसरी उदगीरची, अडतवाल्याची लेक. राग आला की मराठी सोडून कानडीत शिरायची. तिसरी देगलूरची. ती लग्न होऊन नांदेडातच राहिली. तिचा नवरा कर सल्लागार, पण ऑफिस तीच चालवते असं ती म्हणते, आणि नवराही तेच म्हणतो. आम्ही तिला नांदेडची म्हणतो.

उदगीरची आणि मी लातुरात पडलो, आणि नुसत्या लातुरात नाही, भिंतीला भिंत लावून. हा काही योगायोग नव्हता. तिच्या नवऱ्यानं सोसायटीत प्लॉट घेतल्याचं कळलं आणि मी आमच्या ह्यांचं डोकं खाऊन बाजूचा प्लॉट घ्यायला लावला. म्हणजे ही शेजारीण मला कुणी दिलेली नाही, मी मिळवलेली आहे. नांदेडचीला हे सगळं ठाऊक होतं. तरी ती मध्ये यायची, याचा मला राग.

ग्रुप काढला शेजारणीनंच. मी म्हणाले, आपल्याला कशाला हवा ग्रुप? मी हाक मारली की तू भिंतीशी येतेस, तू हाक मारलीस की मी येते. तर म्हणाली, "अगं, ती तिकडं एकटी पडती नांदेडात. तिलाबी वाटत आसंल की." ती एकटी पडते! नवरा आहे, सून आहे, ऑफिसात माणसांची रीघ आहे, आणि एकटी ती. शिरले मी ग्रुपात. पण तेव्हाच माझ्या पोटात दुखायला लागलं होतं.

सुरुवातीला फुलांचे आणि देवांचे फोटो आले. ते सरले आणि कर आला. शेजारणीचं घर म्हणजे मुलींचं होस्टेल. खाली मेस, वर तीन मजले खोल्या. तिचे प्रश्न संपत नसत. होस्टेलच्या भाड्यावर जीएसटी लागणार का नाही? मेसचं वेगळं दाखवायचं का भाड्यातच धरायचं? करात जुनी पद्धत बरी का नवी? नांदेडची मग बोलून पाठवायची. चांगले लांबलचक आवाजी निरोप, आणि प्रत्येकाची सुरुवात, "हे बघ सोन्या." सोन्या! वसतिगृहात असताना ती कुणालाच सोन्या म्हणत नव्हती. मला कधी लिहिलं तर लिहायची, "आणि तुझी तब्येत काय म्हणते?" मी म्हणजे जणू तब्येतच.

शेजारीण करावरून रडायची. "सरकारसाठीच राबून राहिले बघा मी. माझ्या हातात काय उरतंय?" असं लिहून पुढं कपाळाला हात लावलेलं चित्र. मला तिचं हे रडणं सगळ्यात जास्त लागायचं. कराच्या नावानं रडायला आधी कमाई लागते. माझा आणि कराचा संबंध एवढाच की दर वर्षी बँकेत जाऊन लिहून द्यायचं, बाबांनो, माझ्या ठेवीच्या व्याजावर कर कापू नका, मी त्यात बसत नाही. बसत नाही, हे स्वतःच्या सहीनं लिहून द्यायचं, आणि खिडकीतल्या पोरीनं ते न बघताच शिक्का मारायचा. तिलासुद्धा शंका येत नाही हो, की ही बाई कदाचित बसत असेल.

आता तिला मजले कसे आले आणि मला का नाही, तेही सांगते, कारण ते भूकंपाकडं जातं.

भूकंप झाला तेव्हा आमची दोन्ही घरं नवी होती आणि दोन्ही उभी राहिली. पण आत झोपायचं धाडस कुणाला नव्हतं. दोन प्लॉटांच्या मध्ये तेव्हा भिंत नव्हती. तिथं आम्ही पत्र्याचं एक शेड ठोकलं आणि दोन्ही घरांनी त्यात हिवाळा काढला. एक चूल, एक कंदील, पोरं एका रांगेत. ती भाकरी थापायची, मी कालवण करायची. जमीन जराशी हलली की दोघी एकमेकींचा हात धरायचो, आणि हलायची थांबली तरी सोडायचो नाही. जिल्हाभर लोकांचे संसार मातीत गेले होते, त्यामुळं हे बोलू नये, पण ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस होते. तेव्हा तिच्याकडं जे होतं तेच माझ्याकडं होतं.

आमचे हे निलंग्याकडच्या गावचे. भूकंपानंतर ते आठवडाभर तिकडं ढिगारे उपसायला गेले होते. काय पाहिलं ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. परत आले आणि घराच्या स्लॅबकडं बघत उभे राहिले. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी तो चांगला नवा स्लॅब फोडून काढला आणि वर पत्रे टाकले. गल्लीतले लोक बघायला आले. हे म्हणाले, "पत्रा पडला तर माणूस खरचटतं. मरत न्हाई."

शेजारणीच्या नवऱ्याची भीती मात्र शेडबरोबरच गेली. पुढं लातुरात शिकवण्यांचं पीक आलं. डॉक्टर आणि इंजिनिअर व्हायला उदगीर, देगलूर, बीड, कुठून कुठून पोरं पोरी येऊ लागल्या. शेजारणीनं आधी पुढच्या खोलीत दोघी ठेवल्या. मग एक मजला, मग दुसरा, मग तिसरा. गल्लीत ज्याच्याकडं स्लॅब होता त्यानं त्यावर खोल्या चढवल्या आणि दारावर मुलींच्या होस्टेलची पाटी लावली. पत्र्यावर खोली चढत नाही. सगळ्या गल्लीत माझंच घर बुटकं राहिलं. हिवाळ्यात दुपार कलेपर्यंत माझ्या अंगणात तिच्या मजल्यांची सावली असायची, आणि माझ्या साध्या कुरड्यासुद्धा तिच्या गच्चीवर वाळवाव्या लागायच्या. ती दर वर्षी आपणहून म्हणायची, "घिऊन ये की कुरड्या. इचारायचं काय त्यात?" तिला देता येत होतं आणि मला घ्यावं लागत होतं. देणारीला हे कधी कळत नाही.

ह्यांच्यावर मात्र मी कधी चिडले नाही. चिडायला लागले की त्यांचा तो स्लॅबकडं बघणारा चेहरा आठवायचा. मग तो सगळा जळफळाट फिरून तिच्यावर जायचा. ते बरं पडायचं.

तर ग्रुपवर माझ्या वाट्याला राहिल्या गोळ्या. तिथं मात्र मी दोघींच्या पुढं होते. रक्तदाब मला आधी निघाला, साखर मला आधी निघाली. साखरेच्या गोळीनं पोट बिघडतं हे मी सांगितलं. कोलेस्टेरॉलच्या गोळीनं पिंढऱ्या धरतात हेही मीच. नांदेडचीला खोकला लागला तेव्हा तो गोळीचा असू शकतो, डॉक्टरांना विचार, हेसुद्धा मी लिहिलं, आणि तसंच निघालं. तेव्हा तिनं मला एकदा, एकदाच, "हुशार गं" म्हटलं. दोघींची करावर गाडी लांबत चालली की मी मध्येच एक दुष्परिणाम टाकायची. "आज डोकं जड आहे." गाडी वळायची. शेजारीण लगेच विचारायची, नाश्ता केलास का, गोळी घेतलीस का. मला तेवढं पुरायचं.

लातुरात प्रत्येक गोष्टीचा नंबर लागतो. ही सवय हवेतच आहे. आम्ही तपासणीचे आकडेसुद्धा निकालासारखे टाकायचो. ज्या महिन्यात माझी साखर शेजारणीपेक्षा कमी यायची त्या महिन्यात मी रिपोर्टचा फोटो टाकायची. ज्या महिन्यात तिची कमी यायची त्या महिन्यात मी लिहायची की ही लॅब काही खरी नाही.

मग ती तिथंही पुढं गेली.

रक्तदाबाची आम्हा दोघींची गोळी एकच होती आणि दोघींचेही पाय सुजायचे. संध्याकाळी चप्पल रुतायची, बोट दाबलं की खळगा पडायचा. हे आमचं दोघींचं दुखणं होतं. यात नांदेडची कुठंच नव्हती, म्हणून ते मला प्रिय होतं म्हटलं तरी चालेल. संध्याकाळी भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही आपापल्या पायरीवर पाय लांब करून बसायचो आणि ती पलीकडून विचारायची, "आज किती?" मी म्हणायची, "आज पुरी." ती म्हणायची, "माझी तर भटुरा." अन् हसायचो.

एकदा तिची मुलं तिला हैदराबादच्या मोठ्या डॉक्टरकडं घेऊन गेली. त्यानं गोळी बदलली. काही दिवसांनी ग्रुपवर फोटो आला. तिचा पाय, धुतलेला, पाटावर ठेवलेला, आणि खाली लिहिलेलं, "बगा गं, घोटा दिसून राहिला!"

खरंच दिसत होता. चांगला कोरलेला घोटा. नांदेडचीनं त्यावर फुलं उधळली. "सोन्या, पैंजण घाल आता." मी माझ्या पायाकडं पाहिलं. मजल्यांवर जळाले ते समजू शकतं माणूस. पण कुणी बाई कुणाच्या घोट्यावर जळल्याचं ऐकलंय का? मी जळाले. त्या संध्याकाळी ती पायरीवर आलीच नाही. सूज नव्हती, बसायचं कशाला?

दुसऱ्या दिवशी कुठली गोळी म्हणून नांदेडचीनं विचारलं आणि शेजारणीनं पाकिटाचा फोटो टाकला. झालं. आमच्या गावात पहिल्या आलेल्या पोराच्या नोट्स झेरॉक्सच्या दुकानात गठ्ठ्यानं मिळतात. तो काय वाचतो, कुठल्या पेनानं लिहितो, पहाटे उठतो का रात्री जागतो, सगळं विचारून लोक आपल्या पोराला तसंच करायला लावतात. आपलं पोर कुठल्या इयत्तेत आहे, हे कुणी बघत नाही. मीही तेच केलं. फोटो दाखवून मेडिकलमधून तीच गोळी आणली. दुकानदार ओळखीचा. "डॉक्टरनं बदलली का मावशी?" म्हणाला. मी मान हलवली. हो आणि नाही दोन्ही वाटेल अशी.

वर आणखी एक शहाणपण केलं. जुनी गोळी बंद केली नाही. का, तर ती बंद कर असं मला कुठल्या डॉक्टरानं सांगितलं नव्हतं! नवी शेजारणीची आणि जुनी माझी, दोन्ही सकाळी चहाबरोबर घेऊ लागले. शेजारीण माझ्यापेक्षा अंगानं दुप्पट आहे, तिची मात्राही तशीच असणार, हेही डोक्यात आलं नाही. डोक्यात फक्त घोटा होता.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून भाजी निवडत होते. मोबाईल समोर. ग्रुपवर दोघींचं चाललं होतं. शेजारणीनं विचारलं होतं, "घर विकून दुसरं घर घेतलं तर कर लागतो का गं?" नांदेडचीनं उत्तर दिलं होतं, ठरलेल्या मुदतीत राहायचं दुसरं घर घेतलंस तर नफ्यावरचा कर वाचतो, त्याचे नियम आहेत. शेजारीण म्हणे, कुठंही घेतलं तरी चालतं का? नांदेडची म्हणे, देशात कुठंही. आणि शेवटी नांदेडचीनं लिहिलं, "थांब, तुला वेगळं सांगते. इथं नको."

वेगळं! म्हणजे या दोघींचं वेगळंही चालतं. माझ्याशिवाय. मी ते वाक्य कितीदा वाचलं असेल. आणि विषय काय, तर घरांची खरेदी-विक्री. माझ्या मनात आलं, एक पुरलं नाही बाईला, आता दुसरं. गल्लीत पुष्कळांनी तो धंदा केला होता, घर विकायचं, मोठं घ्यायचं. मला वाटलं, आता हिला चार मजले हवेत.

मी उठायला गेले आणि ओटा हलला. आधी वाटलं, भूकंप. लातूरच्या माणसाला आधी तेच वाटतं. पण टांगलेला झारा जागच्या जागी होता. हलत होते ती मी. खाली बसले. हातापायाला घाम. तरी मोबाईल घेतला आणि ग्रुपवर लिहिलं, "मला चक्कर येतेय." खरं सांगते, त्या क्षणीसुद्धा मनात होतं, बघू, आता तरी कर सोडतात का.

नांदेडचीचं लगेच आलं, "लिंबूपाणी घे. पडून राहा." शेजारणीनं वाचल्याची खूण आली, उत्तर नाही. मी त्या खुणेकडं बघत बसले. डोळ्यांपुढं अंधारी यायची, जायची, आणि दर वेळी मी आधी उत्तर आलंय का ते बघायची. नव्हतं. मला रडू आलं. चक्करेचं नाही. म्हटलं, हिला नांदेडचीचं वेगळं वाचायचं असेल. आपण मेलो तरी ही आधी मुदत विचारील.

आणि दार धाडकन उघडलं. शेजारीण. पायात चप्पल नाही, हात पिठानं भरलेले. तीस पोरींच्या पोळ्या अर्ध्यात टाकून आली होती. लिहायला थांबलीच नव्हती. तिनं मला फरशीवर आडवं केलं, पायाखाली तांदळाचा डबा ठेवला आणि दारातूनच ओरडून रिक्षा बोलावली. रिक्षात माझं डोकं मांडीवर घेऊन कानडीत काहीतरी बोलत होती. शिव्याच असाव्यात. माझ्या केसांत तिचं पीठ पडत होतं. इतकं बरं वाटत होतं की मी डोळे मिटून घेतले.

दवाखान्यात डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि परत पाहिला. सलाईन लावलं. पर्समधली दोन्ही पाकिटं निघाली तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "मावशी, ही दुसरी तुम्हाला कुणी लिहून दिली?"

मी म्हणाले, "ग्रुपवर आली होती."

शेजारणीनं पाकीट पाहिलं आणि तिचा चेहराच बदलला. डॉक्टर जाईपर्यंत थांबली, मग सुटली. "तुला अक्कल हाय का न्हाई? माझी गोळी तू कामून खाल्लीस? आं? माझं वजन बग, तुझं वजन बग. सुपारी एवढा तुझा जीव! मी आज शेजारी होते म्हणून पळत आले. मी गेल्यावर कोण पळत येणार हाय तुझ्यासाठी?"

आणि तिनं जीभ चावली.

मी म्हणाले, "कुठं गेल्यावर?"

तिनं सलाईनच्या बाटलीकडं पाहिलं. "पुण्याला. पोरं ऐकंनात. मेस होत न्हाई म्हणून राहिले आता माझ्यानं. गिऱ्हाईक बी आलंय घराला." मग हळू आवाजात म्हणाली, "तिकडं छोटा फ्लॅट बगितलाय. लिफ्ट हाय."

म्हणजे सकाळचं ते दुसरं घर हे होतं. कुठंही घेतलं तरी चालतं का, हे तिनं त्यासाठी विचारलं होतं. ग्रुपवर दोघी जे काही विकणं, घेणं, मुदत, नफा बोलत होत्या आणि मी ज्याला मिरवणं समजून जळत होते, ते तिचं जाणं होतं. माझ्या डोळ्यांसमोर सगळं लिहिलेलं होतं आणि मी ते जळण्याच्या नादात वाचलं.

तेव्हा मी काय म्हणायला हवं होतं? पण तोंडातून निघालं ते हे. "नांदेडचीला आधी सांगितलंस."

"तिला कर इचारला," ती म्हणाली. "तुला काय इचारू? जाऊ का, म्हणून?"

"विचारायचं होतंस."

"तू नको म्हणली असतीस."

"हाव. म्हणले असते."

"म्हणूनच तर," ती म्हणाली, आणि पदरानं आधी माझ्या केसांतलं पीठ पुसलं, मग स्वतःचे डोळे.

नको, हे मी तरीही म्हणाले. त्या दिवशी नाही, नंतर, भिंतीशी, भर दुपारी. जाऊ नकोस, असं सरळ. इतक्या वर्षांत तिच्याकडं मी तोंडानं काही मागितलं ते एवढंच. तिनं भिंतीवरून माझा हात धरला आणि पुष्कळ वेळ सोडला नाही. पण पोरांनी तारीख ठरवली होती. हात धरल्यानं तारखा हलत नाहीत.

सामान आवरायला मी रोज जायची. भांडलो पण खूप. तो मोठा पाटा पुण्याला कशाला, म्हणाले, तर तिला राग आला. मला द्यायला निघाली तर मला राग आला. शेवटी तो तिच्या धाकट्यानं गाडीत टाकला. घर घेतलं शिकवण्या घेणाऱ्या एका मास्तरानं. त्यानं पाटी तीच ठेवली, मेस बंद केली. आता डबे बाहेरून येतात. पोरी वर येतात जातात, कुणी मला ओळखत नाही.

मग मी पुण्यावर जळायला लागले. जळायला काहीतरी लागतं. तिच्या सोसायटीत सकाळी बायका एकत्र फिरतात, त्यांचे फोटो ग्रुपवर आले. सगळ्यांच्या पायांत पांढरे बूट, आणि ही मध्ये उभी राहून हसतेय. एकीनं तिच्या खांद्यावर हात टाकलेला होता. त्या हाताकडं मी फोटो मोठा करकरून पाहिलं. ही कोण? हिनं काय केलंय माझ्या शेजारणीसाठी? हिच्यासाठी कुणी कधी पोळ्या अर्ध्यात टाकून धावलंय का?

फोटो हळूहळू कमी झाले. कर तर पार संपला. घर विकून झालं, फ्लॅट घेऊन झाला, मजले नाहीत की मेस नाही, तिला विचारायला काही राहिलं नाही. गोळ्यांचंही कमी झालं. डॉक्टरांनी माझी गोळी बदलली, नीट, माझ्या मापाची. माझा घोटा दिसायला लागला. मी फोटो काढला आणि टाकला नाही. कुणाला दाखवायचा? पुण्यातली अंगठ्याचं चित्र टाकेल आणि फिरायला जाईल.

असे काही महिने गेले असतील. एका दुपारी नांदेडचीचा फोन आला. ग्रुपवर नाही, मला एकटीला. आमच्या दोघींचं वेगळं असं कधी बोलणं झालंच नव्हतं. मला वाटलं, काही वाईट बातमी.

"न्हाई गं, काही न्हाई," ती म्हणाली. "असंच केला." मागं ऑफिसातला पंखा ऐकू येत होता. "तुला येतो का तिचा फोन?"

मी म्हणाले, "येतो कधी कधी." खरं तर रविवारी यायचा, तोही घाईतला. पण ते हिला कशाला सांगू?

"मला येत न्हाई," ती म्हणाली. "कराचं काम झालं, तसं माझंबी काम झालं. आठवड्यातून तीनदा इचारायची गं मला. रात्री जेवताना फोन वाजला तरी मी उठून सांगायची. यांनी किती येळा म्हणलं, अगं तिला उद्या ऑफिसात फोन करायला लाव. मी म्हणलं, न्हाई. कर असला तरी इचारती तर मला." तिचा आवाज बारीक झाला होता. मग तिनंच पुढं म्हटलं, "तुझं बरं होतं बाई. भिंतीपल्याड होती ती तुझ्या. तू चक्कर आली म्हणून लिहिलंस त्या दिवशी तीबी ऑनलाइन होती, मीबी होते. ती उठून पळाली तुझ्याकडं. मी बसले लिंबूपाणी लिहीत. किती जळाले मी त्या दिवशी तुझ्यावर, तुला सांगून पटायचं न्हाई. मला वाटलं, आपल्याला कामून येत न्हाई अशी चक्कर."

मी खुर्चीवर बसून राहिले. माझ्यावर? पत्र्याखालच्या, सावलीतल्या, करात न बसणाऱ्या बाईवर? उभ्या आयुष्यात माझ्यावर कुणी जळलं नव्हतं. निदान मला तरी ठाऊक नव्हतं. आणि हिनं ते गपचूप केलं, वर्षानुवर्षं, "तुझी तब्येत काय म्हणते" लिहीत लिहीत.

"ऐकतीस का?" ती म्हणाली.

"हाव," मी म्हणाले. "ऐकून राहिले." आणि मग, काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "तू करत जा गं फोन. असाच."

फोन ठेवला आणि मला हसू फुटलं. काय सांगू, चांगलं खळखळून. ह्या वयात, ह्या तब्येतीत, कुणीतरी माझ्यावर जळत होतं! मी तशीच उठले, पदर खोचला आणि अंगणात आले, पाय आपोआप भिंतीकडं गेले. ही गोष्ट सांगावी असं मला जगात एकच माणूस होतं, आणि ते त्या वेळी पुण्यात जेवून झोपलेलं असणार.